ऑइलपेंटचे बूट

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तिची फुकटची जाहिरात आमच्या घरानं एकदा पोटभर केली. आता म्हातारपणी पुन्हा करायची माझी बिलकुल इच्छा नाही. बुटांची कंपनी होती, एवढं पुरे. पांढरा कॅनव्हासचा बूट, खाली रबरी तळ आणि बाजूला दोन निळे तिरपे पट्टे. त्या दोन पट्ट्यांनी आमच्या लातुरातल्या पोरापोरींना येडं करून सोडलं होतं, आणि ते पट्टे भिंतीभिंतीवर ज्यानं ओढले तो माणूस माझा बाप होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटायचं की मी दुसऱ्यांवर बोट दाखवून मोकळी झाले.

दादांचं नाव माणिक, पण त्या नावानं त्यांना फक्त मतदार यादी ओळखायची. वस्तीत ते पेंटर, माय पेंटरीण आणि मी पेंटरची सुजी. जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या घरात जी बरकत आली ती एखाद्या पुढाऱ्याच्या घरातही आली नसेल. गावातल्या यच्चयावत पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, ते खोडून नवं लिहायचं होतं. शाळा, दवाखाना, सोसायटी, कोंडवाडासुद्धा. दादा एसटीच्या टपावर शिडी टाकायचे, रंगाचे डबे मांडीवर घेऊन बसायचे आणि कधी औशाला, कधी पार जळकोटला जाऊन 'जिल्हा लातूर' लिहून यायचे. लिहून लिहून त्यांचा हात इतका बसला होता की उमरीला मावशीला पोस्टकार्ड धाडायचं असलं तरी पत्त्यातल्या अक्षरांना ते मागून सावली द्यायचे. माय म्हणायची, पोस्टमन काय पत्र वाचणार हाय का नुसतं बघत बसणार हाय.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. आत शिरलं की आधी टर्पेंटाइनचा वास यायचा आणि मग मायच्या येसराच्या आमटीचा, आणि खरं सांगते, आजही कुठं घर रंगवत असले की मला भूक लागते. दारासमोर ओल्या पाट्या वाळत उभ्या असायच्या. त्यांच्यावर कोंबड्या जाऊ नयेत म्हणून राखण करणं, रंग घोटणं आणि निळीत भिजवलेली सुतळी भिंतीवर ताणून फटक्यासरशी सरळ रेघ उमटवणं ही माझी कामं. नववीत होते मी तेव्हा. हात बरा होता. दादा म्हणायचे, पोरगी असून रेघ वाकडी जात न्हाई हिची. 'पोरगी असून' कशाला म्हणता, असं मी विचारलं की हसायचे आणि ब्रश माझ्या नाकाला लावायचे.

त्या वर्षी पाणी नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतंच. नळाला हवा यायची. वस्तीच्या टोकाला एक पंपघर होतं, त्याच्या शेजारी सिमेंटची टाकी, आणि त्या टाकीत टँकर रिकामा व्हायचा. टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. तो लांबच्या वळणावर हॉर्न वाजवायचा आणि तो ऐकू आला रे आला की पळायचं, जिचा हंडा आधी लागेल तिचा नंबर आधी. मी अशी पळायला शिकले. काखेत हंडा, पायात काही नाही, खाली तापलेली खडी. शाळेतल्या शर्यतीत हंडा नसायचा, तेव्हा तर मला हसू यायचं, इतकं सोपं वाटायचं. तालुक्याला पहिली आले, तेव्हा आमचे पीटीचे कदम सर मायला मुद्दाम घरी येऊन सांगून गेले की पोरगीला थांबवू नका, ही लांब जाईल. मायनं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले, पाणी मात्र अर्धाच पेला दिला, आणि त्याची तिला कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

अशात नांदेडहून गुळवे साहेब आले. कंपनीचे एजंट. सफारी ड्रेस, हातात रेक्झिनची बॅग, बोलणं इतकं गोड की माय आत भाकरी थापताना कान देऊन ऐकायची. बॅगेतून त्यांनी एक बूट काढला. एकच, उजव्या पायाचा. दुसरा कुठाय, मी विचारलं, तर म्हणाले, नमुना नेहमी एकाच पायाचा देतात बाळ, दोन्ही दिले तर लोक घालून जातात. तो बूट आमच्या घरी राहिला, दादांना चित्रासाठी. मी तो कितीदा घातला त्याला गणती नाही. लई मोठा होता. दारातून चुलीपर्यंत एका पायात बूट घालून लंगडत चालायचं आणि आरशाच्या तुकड्यात पाय बघायचा. मायनं एकदा पाहिलं आणि तो फळीवर उंच ठेवून दिला.

गुळवेंना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना त्यांचं काम येत होतं, आणि ज्याला काम येतं त्याचा मला आजही आदर वाटतो. भिंती निवडायला ते दोन दिवस गाव फिरले, पण भिंतींकडं त्यांनी पाहिलंच नाही. माणसं कुठं थांबतात ते पाहिलं. म्हणाले, पेंटर, माणूस चालत असला की त्याला भिंत दिसत नाही. उभा राहिला की वाचतो, आणि तासभर उभा राहिला की पाठ करतो. असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते आमच्या पंपघराच्या भिंतीवर, जिच्यासमोर बाया हंडे घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत उभ्या असायच्या. दुष्काळात आमची रांग बाकी कुणाला दिसली नाही, ती या माणसाला दिसली.

भिंतीला आधी चुना मारायचा, आणि चुन्याला पाणी लागतं. दादांनी टाकीतून बादली भरायला घेतली तशा बाया अंगावर आल्या. सगळ्यात पुढं आमची मायच. नवरा-बिवरा गेला तिकडं, बादलीची कडी धरून तिनं ठणकावून सांगितलं, "आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी भिंतीला पाजू देणार न्हाई. बूट इकायचे तर त्यांनी पाणी आणावं." गुळवेंनी खरंच दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक पिंप पाणी आणलं. त्यातलं अर्धं बायांनीच हंड्यात ओतून घेतलं, उरलेल्यात चुना भिजला. गुळवे हसत होते. दादांना म्हणाले, बघा पेंटर, आपल्या भिंतीपुढं आत्ताच गर्दी आहे.

चित्र असं होतं की एक गोरा पोरगा झेप घेतो आहे, पायात ते बूट, आणि पायाखाली जमीनच नाही. चौकटी आखून दादांनी कंपनीच्या कागदावरचं ते बोटभर चित्र दोन पुरुष उंच केलं. बुटांच्या लेस आणि निळे पट्टे मी काढले. खाली वाक्य होतं, 'हे पाय आता मागे राहणार नाहीत'. ते लिहिताना दादा दोनदा शिडीवरून उतरले आणि लांब जाऊन बघत राहिले. मला कारण ठाऊक होतं. माझे आजोबा गावात होते तेव्हा वेशीतून आत शिरलं की वहाणा पायातून काढून हातात घ्यायचे आणि पाटलाची गल्ली संपेपर्यंत हातातच धरायचे. दादांनी ते लहानपणी पाहिलेलं. त्यामुळं ते वाक्य नांदेडच्या एखाद्या पंख्याखाली बसून कुणी लिहिलं असेल, पण दादांना वाटलं आपल्यासाठीच लिहिलंय. आमच्या वस्तीला वाटलं. मागास मागास म्हणून ज्यांना सारखं हिणवतात त्या अख्ख्या नव्या जिल्ह्याला वाटलं असेल. तिथंच तर मेख होती.

मी गुळवेंना एकदा विचारलं होतं की हा पोरगा पळतोय तर ह्याला घाम का नाही, अंगावर धूळ का नाही. ते खाली उकिडवे बसले आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं माझ्याशी बोलले. "घाम दाखवला की मेहनत दिसते बाळ. मेहनत लोकांच्या घरी ढिगानं पडली आहे, ती विकत कोण घेईल?" तेवढं एक वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. नोकरीत असताना मी ते शाळेतल्या माझ्या मुलींना सांगायचे, आणि आता नातीच्या मोबाईलवर तशाच उड्या मारणाऱ्या चकचकीत पोरी दिसल्या की तिलाही सांगते. ती म्हणते, आजी, तू प्रत्येक जाहिरातीशी भांडतेस. भांडते. वेळ आहे माझ्याकडं.

दोन महिन्यांत काय झालं ते सांगते. बूट किती खपले ते मला ठाऊक नाही, पण पाय मात्र लपायला लागले. वर्गात पोरी पाय बाकाखाली मुडपून बसायला लागल्या. एकीनं भावाच्या जुन्या बुटांना खडू फासून शाईनं पट्टे ओढले आणि घामानं शाई उतरून तिचे मोजे निळे झाले. रांगेतल्या बाया, ज्यांनी कधी पायाकडं पाहिलं नव्हतं, त्या टाचेच्या भेगा लुगड्याच्या काठानं झाकायला लागल्या. आणि कंपनीनं शाळेला दोन व्हॉलीबॉल आणि एक जाळी भेट दिली, तिच्यावरही पट्टे. त्यानंतर एका सकाळी कदम सरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं की इथून पुढं मैदानावर बूट सक्तीचे, अनवाणी कुणी पळायचं नाही. सांगताना सर माझ्याकडं बघत नव्हते.

बूट घ्यायची आमची ऐपत नव्हती, ते सोडा. दादांनी गुळवेंकडं तोंड उघडून एक जोड मागितला, आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडं काही मागितलं. पुढच्या खेपेला आणतो पेंटर, म्हणाले, आणि पुढच्या खेपेला कॅलेंडर घेऊन आले. मी महिनाभर मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून बाकीच्यांची दप्तरं सांभाळली. ज्यांना मी हंडा घेऊन मागं टाकलं असतं त्या पोरी माझ्यासमोरून पळत होत्या. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला तिथं बसून कळली. आणि राग कुणाचा येत होता तर माझाच. कारण त्या भिंतीवरच्या लेस मी काढल्या होत्या, जीव लावून काढल्या होत्या.

मग जीप आली. वर भोंगा, मागं कापडी फलक. कंपनीतर्फे नव्या जिल्ह्यातल्या मुला-मुलींची खुली शर्यत, मोठ्या मैदानाला चार फेऱ्या, पहिल्या येणाऱ्यास चांदीचा कप आणि कप साहेबांच्या हस्ते. अट एकच, पायात कंपनीचे बूट पाहिजेत. भोंगा ते वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत वस्तीतून गेला. माय म्हणाली, नको ऐकू. पण कान झाकून भोंगा काय थांबतो. मी घरात आले आणि फळीवरचा तो एकुलता एक उजवा बूट खाली काढला, समोर ठेवला आणि बघत बसले.

शर्यत रविवारी दिवस कलता होती. रविवारी सकाळी दादा पाटी लिहायला गेले, माय रांगेत गेली. मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडला, उंबऱ्यावर बसले आणि माझ्या डाव्या पायाला अंगठ्यापासून घोट्यापर्यंत रंग लावला. आता हे सांगताना हसू येतं, तेव्हा हसू येत नव्हतं. मला दुसरं काही येतच नव्हतं. शिंप्याच्या पोरीनं शिवले असते, मी रंगवले. नमुना समोर होताच. पांढरं लावलं, कडेनं रबराची राखाडी रेघ, मग दोन निळे तिरपे पट्टे. दुसरा पायही केला. लेसवर आले तेव्हा अडले, आपल्याच पायावर उलट्या बाजूनं रेघ मारायची म्हणजे काही सोपं नाही, आणि तेवढ्यात दादा आले.

दादांनी सायकल टेकवली. माझ्या पायांकडं पाहिलं. मला वाटलं आता मार बसतो.  ते खाली बसले, माझी टाच आपल्या मांडीवर घेतली आणि म्हणाले, "लेस अशी बांधतं का कुणी? वरची खालून जाती, सुजे. बूट समोर हाय, बघून तर काढायचं." त्यांनी बारीक ब्रश घेतला, माझ्या लेस पुसून नव्यानं काढल्या, प्रत्येक भोकाला पितळेची कडी दिली आणि कडीला चमक दिली. शिवण काढली. बुटाच्या जिभेखाली सावली काढली. असं काम त्यांनी कलेक्टर ऑफिसच्या पाटीवरही केलं नव्हतं. माझ्या पायांवर दोन थेंब पडले ते टर्पेंटाइनचे नव्हते, एवढं सांगते आणि पुढं जाते.

माय रांगेतून आली आणि दारात हंडा घेऊन तशीच उभी राहिली. दादांनी मान वर केली नाही. तिनं हंडा उतरवला, आत गेली, दादांचं जुनं बनियन टराटरा फाडलं आणि घोट्यावर रंग संपतो तिथं मोज्यासारख्या दोन पट्ट्या गुंडाळून सुईदोऱ्यानं टाके घातले. मग मला उन्हात बसवलं. चार तास मी ओल्या पाटीसारखी दारात वाळत होते आणि माय माझ्यावरून कोंबड्या हाकत होती. कातडी ओढल्यासारखी झाली होती, बोटं वाकत नव्हती. माय म्हणाली, नको जाऊ. दादा म्हणाले, जाऊ दे.

मैदानावर मुलींची रांग फक्कीच्या रेघेवर उभी केली होती. टेबलामागं कंपनीचा माणूस बसल्या जागेवरून पाय तपासत होता, त्याला पट्टे दिसले की तो हात हलवायचा. सात-आठ पावलांवरून माझे पट्टे बाकीच्यांपेक्षा झकास दिसत असणार, कारण ते दादांनी काढले होते. छातीवर लावायचे नंबर कदम सर वाटत होते. माझ्यासमोर आले, नंबर द्यायला वाकले आणि त्यांची नजर खाली गेली.  सरांनी पिन लावली, अगदी सावकाश लावली, आणि म्हणाले, "उन्हात फार वेळ उभी राहू नकोस. शिट्टी झाली की निघ." आणि पुढच्या मुलीकडं गेले.

शर्यतीचं मी फार सांगत नाही. चार फेऱ्यांत तीन फेऱ्या मला फक्त पायांची आग आठवते, कारण रंगाला तडे जाऊन कातडी तिथं तिथं ताणत होती. बाकीच्या पोरींचे नवे बूट त्यांना चावत होते, दोघी बसल्याच. चौथ्या फेरीत मला वळणावर हॉर्न ऐकू आल्यासारखं झालं आणि मग कुणाची काय बिशाद होती. मी फीत तोडली तेव्हा दुसरी पोरगी पार त्या टोकाला होती. अंगभर धूळ, पायांवर धूळ, आणि त्या धुळीत दोन्ही पट्टे अजून दिसत होते.

गुळवे धावत आले. लांबून त्यांना फक्त पेंटरची पोर आणि पांढरे पाय दिसले असणार. जवळ आले, हात धरून मला मंचाच्या पायरीवर चढवलं आणि मग त्यांनी खाली पाहिलं. मला वाटतं त्या माणसाला एका क्षणात सगळं कळलं. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग, देवाशपथ, खुलला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, छान झालं आहे काम, कुणाला काही कळत नाही, फोटोत तर बिलकुल कळणार नाही. माइकवर फक्त एवढंच म्हण, ह्या बुटांमुळं मी जिंकले. कप तुझा, आणि दोन्ही पायांचे बूट उद्या घरी.

माइक माझ्या हातात आला. खाली अख्खं गाव. मी काही सत्यवादी नव्हते, खोटे बूट घालूनच तिथवर आले होते ना. पायावर खोटं चालून गेलं, तोंडातून मात्र येईना. ह्या बुटांमुळं. मग ती खडी, तो हंडा, तो हॉर्न, ते सगळं कुठं गेलं? माझे पाय माझे नव्हते काय? मी म्हणाले, "माझ्या पायात बूट न्हाईत. रंग हाय. मी अनवाणी पळाले." भोंग्यातून ते मैदानभर गेलं. गुळवे हसून म्हणाले, पोर गंमत करते आहे. तेव्हा मी मंचाच्या कडेला खाली बसले आणि पाय पुढं केले. गर्दीतून दादा आले. त्यांच्या खांद्यावरचं फडकं रॉकेलमध्ये भिजलेलं होतं. त्यांनी माझा उजवा पाय धरला आणि सगळ्यांसमोर पुसायला लागले. आधी लेस गेल्या, मग पट्टे गेले, मग काळा पाय दिसला. त्या भिंतींचं काम गेलं, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.

कप मला मिळाला नाही. नियम वाचून दाखवला, पायात बूट नव्हते म्हणून धावपटू बाद. कप दुसऱ्या आलेल्या मुलीला दिला, तिनं तो दोन्ही हातांनी धरला पण माझ्याकडंच बघत राहिली. कदम सर मंचाच्या मागं गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. शाळेतला नियम मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकला, कुणाला न विचारता, आणि व्हॉलीबॉलची जाळी परत केली. त्यावरून हेडमास्तरांशी त्यांचं वाजलं, असं आम्ही ऐकलं.

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आठवडाभरानं गुळवे पुन्हा आमच्या दारात आले, तसेच हसत, तोच सफारी. माय त्यांना बस म्हणाली नाही. त्यांनी बॅगेतून गुंडाळी काढून दादांपुढं पसरली. कोऱ्या कागदावर पेन्सिलनं काढलेली एक पोरगी, माझ्यासारखी दोन वेण्यांची, डावा पाय उघडा आणि उजव्यात बूट. खाली वाक्य होतं, 'अनवाणी पहिली. आता बूट घातले, आता कोण अडवणार?' म्हणाले, साहेब लोकांना मैदानावरची गोष्ट फार आवडली. सगळ्या भिंती पुन्हा रंगवायच्या, सगळ्या तुम्हीच, पेंटर, नांदेडपासून औशापर्यंत. आणि पोरीला जोड. दोन्ही पायांचा, असं म्हणून त्यांनी खोका पुढं सरकवला. माझ्या मापाचेच होते. मी डोळ्यांनी मोजलं.

दादांच्या हाताला आठ दिवस काम नव्हतं. माय दाराला टेकून उभी होती. दादांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, चित्र बरं होतं. मग माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "पाय तुझे हायती. तू सांग."

लोक मला विचारतात, बाई, तुम्हाला बुटांचा एवढा राग का. मला बुटांचा राग नाही. मी पुढं पीटी शिकवलं आणि माझ्या एकाही मुलीला तापल्या मैदानावर अनवाणी उतरवलं नाही, वर्गणी काढून बूट घेतले, कुठल्या का कंपनीचे असेनात. माझ्या आजोबांनी हातात धरलेल्या वहाणा मी पायात घालणारच. पण त्या खोक्यातले बूट घातले असते तर पळणारी मी उरले नसते, त्यांची ती दोन वेण्यांची पोरगी उरली असती, आणि माझी हार पण त्यांच्याच कामाला आली असती.

मी गुळवेंना म्हणाले, "आधी माझा कप द्या."

ते म्हणाले, कप कसा देणार बाळ, नियम म्हणजे नियम. उघडे पाय शर्यतीत बसत नाहीत.

"मग भिंतीवर कसे बसतील?" मी म्हणाले. "ज्या पायांला तुमच्या मैदानात जागा न्हाई ते तुमच्या भिंतीवर येणार न्हाईत."

 गुळवेंनी दादांकडं पाहिलं. दादांनी कागदाची नीट गुंडाळी केली, चुरगळू न देता, आणि खोक्यावर ठेवून खोका त्यांच्या हातात दिला.

"साहेब," दादा म्हणाले, "नांदेडची गाडी तीनला हाय. चालत निघालात तर गावल."